'मशीद' की 'मस्जिद', आणि कोणत्या वास्तूला मशीद म्हणावे?

खानापूरकर यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयातर्फे गावाची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका तयार होत आहे. मजकूर आधी मराठीत लिहायचा आणि मग त्याचा कन्नड अनुवाद करून घ्यायचा, असे ठरले असून मराठी मजकुराचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातील एका साध्या वाक्यावर मी गेले पंधरा दिवस अडलो आहे. ते वाक्य असे होते: "गावात तीन देवळे आणि दोन मशिदी आहेत."

कच्चा मजकूर वाचायला दिल्यावर तीन वेगवेगळ्या सूचना आल्या. गावातील एका मुस्लीम तरुणाने सांगितले की दारावरच्या पाटीवर 'मस्जिद' असे स्पष्ट लिहिलेले आहे, 'मशीद' हा बिघडलेला उच्चार आहे, तेव्हा पुस्तिकेत शुद्ध शब्द यावा. वाचनालयातील एका सहकाऱ्याच्या मते असे परके शब्द टाळून 'मुस्लिमांचे प्रार्थनामंदिर' असे लिहावे, म्हणजे वाद उरणार नाही. आणि गावातील एका वृद्ध गृहस्थांनी असे सांगितले की वेशीजवळची जी दुसरी वास्तू मी मोजली आहे ती मशीद नव्हेच, ती पिराची जागा आहे. माझी आजी मात्र त्या जागेला मशीदच म्हणत असे, आणि आम्हा मुलांना शेताकडे पाठवताना "मशिदीपासून डावीकडे वळा" हीच खूण सांगत असे.

कोणाच्याही श्रद्धास्थानाविषयी चुकीचा शब्द छापला जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यामुळे या शब्दाचा नेमका अर्थ काय, मराठीत त्याचे योग्य रूप कोणते आणि कोणत्या वास्तूला तो लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मार्कंडेयकाठ यांचे उत्तर:

मी बेळगावात बरीच वर्षे मराठी शिकवले आहे, म्हणून शब्दाच्या रूपापासून सुरुवात करतो.

मूळ अरबी शब्द 'मस्जिद' असा आहे. 'सजदा' म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून केलेले नमन, आणि ज्या ठिकाणी सजदा करायचा ते ठिकाण म्हणजे मस्जिद. अरबी भाषेत धातूच्या तीन व्यंजनांच्या आधी 'म' लावून स्थळवाचक नाम बनवण्याची पद्धत आहे. 'मक्तब' म्हणजे लिहिण्याचे ठिकाण, 'मंजिल' म्हणजे उतरण्याचे ठिकाण, त्याच घडणीचा हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी मिनार किंवा घुमट नाही, नमन करणाऱ्या माणसाचे कपाळ जिथे टेकते ती जमीन आहे. हा शब्द इस्लामच्याही आधीचा आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावर सापडलेल्या, इ.स.पू. पाचव्या शतकातील अरामी भाषेच्या कागदपत्रांत याच धातूपासून झालेला उपासनास्थानवाचक शब्द आढळतो.

आता 'मशीद' हे रूप बिघडलेले आहे काय, हा प्रश्न. माझे स्पष्ट मत असे की ते बिघडलेले नाही, मराठीने आपल्या उच्चारनियमांनुसार घडवलेले आहे. फारसी-अरबीतून आलेल्या अनेक शब्दांत 'इ' किंवा 'ई' या स्वरापूर्वीच्या 'स'चा मराठीत 'श' झाला. 'नसीब'चे नशीब झाले, 'सिपाही'चा शिपाई झाला, 'सिक्का'चा शिक्का झाला, 'हासिल'चे हशील झाले. 'मस्जिद'मधला 'ज' गळून 'मसीद' आणि पुढे 'मशीद' झाली ती याच वाटेने. नशीब हा शब्द अशुद्ध आहे म्हणून कोणी आज नसीब लिहिण्याचा आग्रह धरत नाही, मग मशिदीलाच तो नियम का लावावा?

आपल्या सीमाभागात ही गोष्ट आणखी सहज दिसते, कारण शेजारची कन्नड भाषा त्याच शब्दाला वेगळे वळण देते. कन्नडमध्ये 'मसीदि' असा शब्द आहे आणि उत्तर कर्नाटकातील ग्रामीण बोलीत 'मसूती' असेही म्हणतात. तिथे 'स' टिकला आहे, जसा कन्नड 'सिपायि'मध्ये टिकला आहे. एकाच रस्त्यावर मराठी माणूस मशीद म्हणतो, कन्नड माणूस मसीदि म्हणतो आणि उर्दू बोलणारा मस्जिद म्हणतो, तेव्हा तिघेही आपापल्या भाषेत बरोबर बोलत असतात.

लेखनापुरते एवढे ध्यानात ठेवावे. 'मशीद' स्त्रीलिंगी आहे. मूळ अरबीत हा शब्द पुल्लिंगी असला तरी उर्दूत तो स्त्रीलिंगी आहे आणि आपल्याकडेही तसाच रुळला. एकवचनात 'शी' दीर्घ लिहावी, पण प्रत्यय लागताना किंवा अनेकवचन करताना ती ऱ्हस्व होते: मशिदीत, मशिदीचा, मशिदी. जमीन आणि जमिनीत, तसेच हे आहे. छापील मजकुरात 'मशीदीत' हे रूप वारंवार दिसते, ते टाळावे.

'प्रार्थनामंदिर' हा शब्द मी सुचवणार नाही. चांगला, सर्वांना कळणारा आणि शतकानुशतके वापरात असलेला शब्द हाताशी असताना आडवळणाचा शब्द योजला, की वाचकाला वाटते, मूळ शब्दात काही उच्चारू नये असे आहे. तसे काहीच नाही. शिर्डीच्या द्वारकामाईला मशीद म्हणताना महाराष्ट्रातल्या भाविकांना कधी अवघडल्यासारखे वाटलेले नाही.

निपाणीकर यांचे उत्तर:

मी मराठी माध्यमात शिकलेला मुस्लीम वाचक आहे. घरात आम्ही दख्खनी बोलतो, बाजारात मराठी आणि सरकारी कार्यालयात कन्नड. घरात बोलताना मी मस्जिद म्हणतो आणि मराठीत लिहिताना मशीद लिहितो, आणि यांतील कोणताही शब्द मला दुसऱ्याहून कमी आदराचा वाटत नाही. त्या तरुणाची भावना मी समजू शकतो, कारण अलीकडे पाट्यांवर आणि पत्रिकांवर मूळ उच्चाराच्या जवळचे रूप लिहिण्याची इच्छा वाढली आहे, आणि ती इच्छा प्रामाणिक आहे. माझी सूचना अशी की विशेषनाम असेल तर पाटीवर जसे आहे तसेच लिहावे, कारण नाव ठेवण्याचा अधिकार ते ठेवणाऱ्यांचा असतो. सामान्यनाम म्हणून मात्र मराठी वाक्यात 'मशीद'च शोभते.

मला अधिक बोलायचे आहे ते दुसऱ्या गोष्टीविषयी, कारण मशीद लिहावे की मस्जिद यापेक्षा कोणत्या वास्तूला मशीद म्हटले जाते, यात कितीतरी मोठ्या चुका होतात.

मशीद म्हणजे नमाजाची जागा. दिवसातून पाच वेळा तिथे एकत्र नमाज होते. पश्चिमेकडच्या भिंतीत, म्हणजे आपल्या भागातून मक्केच्या दिशेला, एक कमानदार कोनाडा असतो, त्याला मिहराब म्हणतात. त्याच्या बाजूला पायऱ्यांचे आसन असते ते मिंबर, त्यावरून शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, होते. हात-पाय धुण्यासाठी हौद किंवा नळ असतात. मिनार नसला तरी मशीद ही मशीदच असते, आणि घुमट असला म्हणून कोणतीही इमारत मशीद होत नाही. मुळात नमाजाला इमारतच हवी असेही नाही. सगळी पृथ्वी माझ्यासाठी सजद्याची जागा केली आहे, अशा अर्थाचे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये आहे, आणि तिथे अरबीत 'मस्जिद' हाच शब्द आला आहे.

दर्गा ही वेगळी गोष्ट आहे. 'दरगाह' हा फारसी शब्द आहे आणि त्याचा अर्थ उंबरठा किंवा दरबार असा होतो. एखाद्या सत्पुरुषाची कबर जिथे आहे ती जागा म्हणजे दर्गा. तिथे चादर चढते, नवस बोलले जातात, उरूस भरतो. आमच्या निपाणीचा उरूस सर्वांना माहीत आहेच, आणि त्यात कोण हिंदू व कोण मुस्लीम हे कोणी मोजत बसत नाही. दर्ग्याची देखभाल करणारा तो मुजावर. नमाज पढवणारा तो इमाम आणि अजान देणारा तो मुअज्जिन. वर्तमानपत्रात 'मशिदीचे मुजावर' किंवा त्याहून वाईट म्हणजे 'मशिदीचे पुजारी' असे वाचले की मन खिन्न होते, कारण मशिदीत पूजा नसते, मूर्ती नसते आणि कबरीपुढे नमन तर नसतेच. मोठ्या दर्ग्याच्या आवारात अनेकदा स्वतंत्र मशीदही असते, त्यामुळे गोंधळ वाढतो. विजापूरचा इब्राहिम रोजा पाहिलेल्यांनी आठवून पाहावे. एकाच चौथऱ्यावर दोन देखण्या इमारती समोरासमोर आहेत, त्यांपैकी एकीत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आहे आणि दुसरी मशीद आहे. गोलघुमटही महंमद आदिलशहाची कबर आहे, आणि त्याच्या पश्चिमेला मशीद वेगळी उभी आहे. शाळेच्या सहलीत मुलांना हे कोणी सांगत नाही आणि मुले सगळ्यालाच मशीद म्हणत घरी येतात.

ईदगाह म्हणजे दोन्ही ईदांच्या सामुदायिक नमाजाचे मोकळे मैदान, ज्याला बहुतेक ठिकाणी पश्चिमेकडे फक्त एक भिंत असते. आणि मोहरमात जिथे पंजे, म्हणजे हाताच्या पंजाच्या आकाराची धातूची निशाणे, बसवतात ती जागा आशूरखाना. आपल्या खेड्यांत हा शब्द फारसा वापरत नाहीत, तिला सरळ पंजांची जागा म्हणतात किंवा पुष्कळ ठिकाणी मशीदच म्हणतात. आपल्या आजी जिला मशीद म्हणत ती ही जागा असावी, अशी मला शंका येते. आपण एकदा आत जाऊन पश्चिमेच्या भिंतीत मिहराब आहे का, तिथे रोज नमाज होते का आणि समोर अलाव्याचा, म्हणजे मोहरमात विस्तव पेटवण्याचा, खड्डा आहे का, हे पाहावे.

मलप्रभेकडचा यांचे उत्तर:

निपाणीकरांनी शेवटी जे लिहिले आहे त्याला आमच्या सौंदत्तीकडचे उदाहरण देतो. तालुक्यातील हिरेबिदनूर या गावी मुस्लीम वस्ती नाही, तरीही तिथले हिंदू ग्रामस्थ कित्येक पिढ्या मोहरम पाळत आले आहेत, आणि ज्या वास्तूभोवती हा सण होतो तिला लोक फकीरेश्वर स्वामींची मशीद म्हणतात. स्वामी आणि मशीद हे शब्द एकाच नावात नांदतात. शास्त्र पाहिले तर ती मशीद ठरेल की नाही हे मला सांगता येणार नाही, पण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेले नाव पुसून तिथे 'आशूरखाना' असा पुस्तकी शब्द बसवणे मला पटत नाही. म्हणून माझे निपाणीकरांशी थोडे वेगळे मत आहे. लोक ज्याला मशीद म्हणतात त्याला पुस्तिकेतही मशीद म्हणावे, आणि हवी तर पुढे एक ओळ स्पष्टीकरणाची द्यावी.

सीमाभागातील शब्दांचे अर्थ पुण्या-मुंबईच्या कोशावरून ठरवता येत नाहीत, याचे दुसरे उदाहरण बेळगावच्या किल्ल्यातच आहे. तिथल्या कमल बस्तीतील 'बस्ती' म्हणजे लोकवस्ती नव्हे, ते 1204 सालचे जैन मंदिर आहे, आणि आपल्याकडे प्रत्येकाला ते न सांगता कळते. बाहेरचा वाचक मात्र तिथे चाळी शोधत फिरेल.

मार्कंडेयकाठ यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरांबद्दल आभार. किल्ल्याचा उल्लेख आलाच आहे तर त्याच किल्ल्यातील सफा मशिदीविषयीही लिहितो. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार असदखान लारी याने ती बांधली आणि तिचे साल 1519 असे दिले जाते. तिच्यात आधीच्या काळातील कोरीव खांब वापरलेले असून त्यांवर कन्नड लेख आहेत, तर मशिदीचा स्वतःचा लेख फारसीत आहे. असदखानाची कबर कॅम्प भागात आहे, आणि ती जागा मात्र असदखान दर्गा म्हणूनच ओळखली जाते. एकाच माणसाशी जोडलेल्या दोन जागा, एक मशीद आणि एक दर्गा, आणि गावातील साध्या माणसानेही हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरले नाहीत. यावरून बोलीत हा भेद नव्हताच असे म्हणता येत नाही. तो शहरात अधिक काटेकोर राहिला आणि खेड्यांत सैल झाला, एवढेच.

'जामा मशीद' की 'जुम्मा मशीद' असेही पुष्कळदा विचारले जाते, आणि आपल्या पुस्तिकेत तो प्रश्न येण्याचा संभव आहे. अरबी 'जामिअ' म्हणजे एकत्र करणारी. जिथे सगळ्या वस्तीचे लोक शुक्रवारच्या नमाजाला जमतात ती मुख्य मशीद म्हणजे जामा मशीद. 'जुमा' म्हणजे शुक्रवार, अर्थात जमण्याचा दिवस. दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, त्यामुळे दोन्ही नावे अर्थाच्या दृष्टीने चालतात. आपल्या मराठीतील जमा, जमात आणि जमाबंदी हे शब्दही त्याच धातूचे आहेत. तलाठ्याच्या दप्तरात आणि मशिदीच्या नावात एकच धातू आहे, हे मी वर्गात सांगत असे तेव्हा मुलांचे डोळे चमकत. 'नमाज' हा शब्द मात्र अरबी नाही, फारसी आहे, आणि आपल्या संस्कृत 'नमस्'शी त्याचे जवळचे नाते आहे. नमाज आणि नमस्कार ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

मराठीत मशीद हा शब्द केवळ इस्लामी वास्तूपुरता राहिलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. कोकणातून मुंबईला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने 1796 साली मांडवी भागात आपले पहिले प्रार्थनास्थान बांधले. ते यहुदी लोकांचे, तरी त्याचे प्रचलित नाव 'जुनी मशीद' असे पडले, आणि मुंबईच्या लोकलमार्गावरील मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच आले असे सांगितले जाते. उलट पुण्यातील यहुदी प्रार्थनास्थानाला लोक 'लाल देऊळ' म्हणतात. मराठी माणसाने परक्या उपासनास्थानाला नाव देताना आपल्याजवळ असलेला ओळखीचा शब्द मोकळ्या मनाने दिला. आपल्या आजींनी पंजांच्या जागेला मशीद म्हटले ते याच रीतीने.

मलप्रभेकडील मित्राच्या मताशी मी बराचसा सहमत आहे, पण एक फरक करतो. गोष्ट सांगताना, आठवणी लिहिताना लोकांचा शब्द ठेवावा. मोजदाद करताना किंवा यादी देताना मात्र शब्दाचा काटेकोर अर्थ पाळावा, कारण "दोन मशिदी" असे वाचणारा मनुष्य दोन्ही ठिकाणी नमाज होते असेच समजणार, आणि पुढे कोणी त्या पुस्तिकेच्या आधारे काही ठरवू लागले तर चूक वाढत जाईल. सीमाभागात जागेच्या नावावरून केवढी कटुता निर्माण होऊ शकते हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

निपाणीकर यांचे उत्तर:

हा फरक मला मान्य आहे. एक लहानशी भर घालतो. मराठीत 'बांग' आणि 'अजान' असे दोन शब्द चालतात. 'बांग' हा फारसी शब्द आहे, त्याचा अर्थ हाक किंवा पुकारा, आणि जुन्या लोकांच्या तोंडी त्यात कोणताही अनादर नाही. माझे आजोबाही मराठीत बोलताना "बांग झाली का" असेच विचारत. परंतु मराठीत कोंबड्याच्या आरवण्यालाही बांग म्हणतात, म्हणून आजच्या लेखनात 'अजान' लिहिणे अधिक बरे. अजान दिली जाते, नमाज पढली जाते किंवा अदा केली जाते, आणि खुतबा दिला जातो. 'नमाज म्हटली' असे लिहू नये.

खानापूरकर यांचे उत्तर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. निपाणीकरांच्या सूचनेप्रमाणे काल सकाळी मी त्या वृद्ध गृहस्थांना आणि पाटीविषयी बोललेल्या तरुणाला सोबत घेऊन वेशीजवळच्या वास्तूत गेलो. इतकी वर्षे तिच्यासमोरून जात असूनही मी कधी आत पाऊल टाकले नव्हते, याचे मला वाईट वाटले. आत एकच खोली आहे. पश्चिमेची भिंत सपाट आहे, मिहराब नाही. एका लाकडी पेटीत पंजे लाल कापडात गुंडाळून ठेवले आहेत आणि अंगणात गोल खड्ड्याचे दगड अजून जागेवर आहेत. पेटीची किल्ली एका हिंदू शेतकरी कुटुंबाकडे असते आणि मोहरमाच्या पहिल्या दिवशी पेटी उघडण्याचा मानही त्यांचाच आहे, हे मला काल प्रथमच कळले. नमाज तिथे कधी होत नसे, असे वृद्ध गृहस्थांनी सांगितले. तो तरुण बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला की त्याची आजीसुद्धा या जागेला मशीदच म्हणत असे.

मजकूर आता असा केला आहे: "गावात तीन देवळे आणि एक मशीद आहे. वेशीजवळ मोहरमाचे पंजे ठेवण्याची जागा असून जुनी माणसे तिलाही मशीद म्हणतात. तेथील पेटीची किल्ली गावातील एका शेतकरी घराण्याकडे असते." पहिल्या मशिदीचे नाव पाटीवर आहे तसे, म्हणजे 'मस्जिद' या रूपासह, स्वतंत्र ओळीत दिले आहे. कन्नड अनुवाद करणाऱ्या बाईंना दोन्ही ठिकाणी 'मसीदि' न घालता दुसऱ्या जागेसाठी गावातला कन्नड शब्द विचारून घ्यायला सांगितले आहे. मजकूर सोमवारी छपाईला जाईल. तोपर्यंत कोणाला यात काही दुरुस्ती सुचली तर अवश्य कळवावे.